नदीपलीकडचं विश्रामघर

३ सप्टेंबर १९०२, ऑल्डरटन
आले एकदाची. गाडीतून उतरल्या उतरल्या आधी कारखान्याच्या तीन चिमण्या दिसल्या, मग गाव. मला कारखान्याच्या फाटकावरची, वरच्या मजल्याची खोली मिळाली आहे. स्वच्छ पडदे, पाण्याचा नळ, लिहायला टेबल. इलिनॉयच्या आमच्या शेतघरात यातलं एकही नव्हतं. शिकागोहून निघताना मिस व्हिटलोंनी स्वतः माझी पेटी गाडीत चढवून दिली. म्हणाल्या, "कोरा, तिथे तू माझे डोळे आणि माझे कान."
त्यांनी गरिबांच्या वस्तीत संस्था काढली आणि माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरीला तिथे माणूस केलं. आता आगपेटीच्या या कारखान्यात कामगार मुलींची हितचिंतक म्हणून मला त्यांनीच लावून दिलं. मुलींची दुखणी-खुपणी ऐकायची आणि दर शनिवारी मिस व्हिटलोंना कळवायची. मग त्या ही दुखणी कायदेमंडळापुढे मांडणार. आज झोपावंसंच वाटत नाही.

९ सप्टेंबर
कारखाना वाटला होता त्याहून बरा आहे. दुपारी गरम सूप मिळतं, पुस्तकांचं कपाटही आहे. मात्र काड्या फॉस्फरसच्या मसाल्यात बुडवतात त्या दालनात लसणासारखा वास कोंदलेला असतो. मुली त्याच हातांनी भाकरी मोडतात. मी व्यवस्थापकांच्या मागे लागून हात धुवायला चार घंगाळी बसवून घेतली, तेव्हा कुठे मुली माझ्याशी बोलायला लागल्या.
डब्या भरणारी नोरा टिअर्नी मात्र बधत नाही. इथे वीस वर्षं काढलेली आयरिश बाई. सगळ्यांसमोर म्हणाली, "या बाईसाहेब, आमचं रडगाणं वहीत उतरवून घ्या. मागच्या बाईंची वही भरली, तशी तुमचीही भरेल." मुली हसल्या, मीही हसले.

१३ सप्टेंबर
ब्रोन्या नावाची पोलिश मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. जेवणाच्या सुट्टीत मला कपाटामागे घेऊन गेली. खालची दाढ ठणकते, हिरडीतून पू येतो, म्हणाली. कुणाला सांगू नका, अशी गळ घातली. मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.
पत्रात तिचं नाव लिहिलं. मिस व्हिटलोंनी बजावलंच होतं की नावं नसली तर कायदेमंडळ विश्वास ठेवत नाही. आणि त्या म्हणजे काही कुणी परक्या नव्हेत.

१७ सप्टेंबर
ब्रोन्याची जागा रिकामी आहे. कारखान्याचे डॉक्टर स्प्रेग यांनी तिला नदीपलीकडच्या विश्रामघरात हवापालटाला पाठवलं, असं कळलं. चार दिवसांत! मला मिस व्हिटलोंचा केवढा अभिमान वाटला. नोराला आनंदाने सांगायला गेले. तिने हातातली डबी खाली ठेवली. म्हणाली, "पोरी, तिथून कुणाचं पत्र आलेलं ऐकलंयस कधी?"

२४ सप्टेंबर
गेल्या पत्रात तीन नावं होती. तिघीही गेल्या. आता मी दालनात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं. मी मिस व्हिटलोंना विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलं. फार मायेचं आहे. मी उगीच जीव जाळते, नावं पाठवत राहावीत, असं लिहिलंय.
या शनिवारी मी नावं पाठवणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
दुपारी पुलावरून चालत विश्रामघरी गेले. दारावर कुणी नव्हतं. आत शिरताच कुजक्या मांसाचा वास आला. बाहेर लख्ख ऊन, आत सगळ्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. खाटांची लांब रांग होती. अंधाराला डोळे सरावायच्या आतच ते दिसलं. उशांवर, तोंडाच्या जागी, फिकट हिरवा उजेड. एक, दोन, मोजायचं थांबले.
हाडं. जबड्यात फॉस्फरस मुरलेली त्यांची हाडं अंधारात चमकत होती.
ब्रोन्या मला डोळ्यांवरून ओळखू आली. डोळ्यांखाली फडकं बांधलेलं होतं आणि फडक्याखाली हनुवटी नव्हती. तिने उशाची पाटी ओढली, सावकाश लिहिलं: तुम्हालाच सांगितलं होतं.
दाराशी, उजेडात, परिचारिकेच्या टेबलावर माझी पत्रं होती. माझं अक्षर. प्रत्येक नावाखाली लाल रेघ.

२९ सप्टेंबर
कुणीतरी टपालातून पत्रं चोरली असणार. तसंच असणार. मिस व्हिटलोंना तार केली: ताबडतोब या.

३० सप्टेंबर
आल्या. हातमोजे काढले, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, रडले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.
पत्रं त्यांनीच इकडे, कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवली होती. वस्तीतली आमच्या संस्थेची शाळा या कारखान्याच्या मालकांनी बांधून दिली आहे म्हणे. त्या शाळेत चारशे मुलं शिकतात. आजारी मुली सरकारी तपासनिसाच्या नजरेला पडल्या तर कारखाना बंद, आणि मग शाळाही. अगदी शांतपणे, मला धडे द्यायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तिकडे चारशे मुलं आणि इथे चाळीस मुली, कोरा. तूच सांग, मी काय करायला हवं होतं?"
मी म्हटलं, वर्तमानपत्राकडे जाईन.
त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. तू दमलीस, म्हणाल्या.

१ ऑक्टोबर, सकाळ
दाराला बाहेरून कडी आहे. हाका मारल्या. जिन्यावरून कुणीतरी हळूच सांगतं, पडून राहा, डॉक्टर येताहेत.
मी बुडवायच्या दालनात एक दिवसही काम केलेलं नाही. फॉस्फरस किडक्या दातातून जबड्यात शिरतो, आणि माझे दात धडधाकट आहेत. लिहून ठेवते —

दुपार
खिडकी उघडते, पण उंची फार. खाली पाळी सुटली. हाक मारली. मुली मान खाली घालून गेल्या — बरोबरच आहे त्यांचं —
नोरा थांबली.
वर बघते आहे. मी वही दाखवली. ती ॲप्रनची दोन्ही टोकं झोळीसारखी धरून उभी राहिली.
विश्रामघर पुलापलीकडे, डावीकडे. चाळीसजणी. जो कुणी वाचेल त्याने आधी तिथे —
जिन्यावर पावलं. दोघांची. मिस व्हिटलोंचा आवाज, तोच, मायेचा. डॉक्टरांना सांगताहेत की कोराचे दात लहानपणापासूनच किडके —
खोटं आहे. माझे सगळे दा