पावणेदोन तासांचं विमान आणि तुझं पस्तान

आई, आज तुझ्यावर रागावून लिहितेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण लेकीला मुलगी झालीय गं! आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय, पाय तर नुसते कापसाचे. आणि हिच्या बारशाला मीच नव्हते. बंगळुरात व्याही, विहीणबाई, शेजारपाजार सगळे होते, फक्त आईची आई नव्हती.

तिकीट काढताना मुलगा म्हणाला, "हवेतून आठ-साडेआठशे किलोमीटर, आई. पावणेदोन तास! दुपारी जेवायला ताईकडे." मी चौथी शिकलेली, तरी विचारलं, "आणि शहाडवरून विमानतळ?" तर म्हणे, "ते धरत नाहीत गं." कोण धरत नाही? रस्ता काय माझ्यासाठी गुंडाळून ठेवलाय? बरं, ते राहू दे. विमान होतं गुरुवारचं, बारशाच्याच दिवशीचं, आणि बंगळूर दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेला निघायचं नाही, हे तुझंच. मामाकडे जायचं असलं आणि वार वाईट असला, की तू आदल्या दिवशीच पिशवी शेजारच्या काकूंकडे पस्तान म्हणून ठेवायचीस. मी एकदा हसून विचारलं, "पिशवी गेली, आपण कुठे गेलो?" तू चुलीपुढून उठलीसुद्धा नाहीस. "आपण निघालो आजच. गप बस, फुंकणी दे इकडे."

म्हणून बुधवारी रात्री मीही ठेवलं, समोरच्या वहिनींकडे. कपड्यांची बॅग जड, म्हणून पर्स ठेवली. सकाळी बघते तर त्यांच्या दाराला कुलूप! टिटवाळ्याला त्यांच्या लेकीला दवाखान्यात न्यायचं झालं, बिचाऱ्या अंधारातच धावलेल्या. मुलगा खाली गाडी लावून ओरडतोय, "आई, आधार कार्ड घेतलंस ना?"

"पस्तानात आहे."

"कशात?"

सांगितलं तर कपाळाला हात. "विमानाला पस्तान कोण ठेवतं, आई!" मोबाइलवर कार्ड मागवावं, तर त्याचा तो ओटीपीचा नंबर येणार माझ्याच मोबाइलवर, आणि तोही त्याच पर्समध्ये, कुलपाआड वाजतोय. वहिनींना फोन लावला तर त्या रडकुंडीला, "अहो, किल्ली माझ्या कमरेलाच आहे!" त्या येईपर्यंत विमान गेलं. तुझ्या पिशवीत लुगडं आणि भाकऱ्या असायच्या. ती राहिली असती तरी तू मामाकडे पोचलीच असतीस. हे मला आधी का नाही सुचलं?

दुसरं विमान संध्याकाळचं मिळालं, मुलगा मला सोडून परतला. बारसं मी विमानतळावरच्या खुर्चीत बसून मोबाइलवर पाहिलं. पाळण्याखालून बाळ घ्यायला माझ्या जागी शेजारची कुणी बाई उभी होती. बाळ तिच्या हातात जाणार, तेवढ्यात चित्रच थांबलं. रात्री लेकीने दार उघडलं आणि एवढंच बोलली, "पावणेदोन तास तर होते गं, आई." मी म्हटलं, ट्रॅफिक. इथे सगळ्यांना तेच सांगितलंय, पस्तानाचं नाव काढलं नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, आणि तुला तर पोचायचाच नाही, म्हणून एक सांगते. विमान वर गेल्यावर मला रडू यायला हवं होतं. पण खाली दिवेच दिवे, फोन बंद, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणी हाक मारू शकत नव्हतं. उतरायचं आलं तेव्हा वाटलं, एवढ्यात? बंगळूर अजून थोडं लांब असतं, तरी मला चाललं असतं.