रांगेत ओळख नाही

काळाचौकी,
सोमवार, साखरपुड्याचा दुसरा दिवस

ती. दौलतमामा यांना,

काळाचौकीहून वैभवचा वाकून नमस्कार. (ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला धक्का नको म्हणून दुसऱ्या पायाला.) टाके निघाले का? मामींनी तुम्हाला अंगणापलीकडे जायला बंदी केली आहे असं आई म्हणाली. मामींना सांगा, बंदी चालूच ठेवा, कारण हे पत्र वाचताना तुम्ही ताडकन उठाल अशी मला भीती आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुम्ही तो ठेवता. कागदावर कितीही ओरडलं तरी समोरच्याला शेवटपर्यंत वाचावं लागतं.

मामा, काल माझा साखरपुडा झाला आणि माझ्या स्वतःच्या साखरपुड्याला मी एक तास चाळीस मिनिटं रांगेत उभा होतो. टोकन नंबर चारशे बारा. अजून माझे कान तापलेलेच आहेत. आणि याला जबाबदार, राग मानू नका, तुम्ही आहात.

पहिल्यापासून सांगतो. पूर्वीला तुम्ही पाहिलेलं नाही. (पाहाल तेव्हा बोलू नका काही, नुसतं बघा.) ठाकूरद्वारच्या वाडीत राहते आणि परळच्या एका दवाखान्यात रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसते. आईचा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा मी रांग सोडून थेट खिडकीत हात घातला होता. तिने मान वर न करता माझ्या तळहातावर रबरी शिक्का हाणला आणि म्हणाली, "मागे." शिक्का तीन दिवस टिकला. घालवला असता तर गेला असता, मी घालवला नाही. त्यानंतर आईची तब्येत ठणठणीत असतानाही मी तिच्या तीन तपासण्या करून घेतल्या. तर अशी ही पूर्वी. माझं सगळं टेन्शन तिच्या वडिलांचं. ते निवृत्त मुख्याध्यापक, घरातली घड्याळंसुद्धा त्यांना घाबरून बरोबर चालतात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आजवर कोणती गोष्ट शेवटपर्यंत केलीत?" आता तुम्हाला माझ्या कॉलेजचं माहीत आहे. दुसऱ्या वर्षाला हॉल तिकिटाच्या खिडकीवर माझ्यापुढे दोनच जण राहिले असताना क्लार्कने जेवणासाठी खिडकी लावली, माझी सटकली, मी पावती फाडली आणि थेट घरी आलो, तो आज तीन वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारीत आहे. हे सगळं यांना कुणी सांगितलं, या रागात मी उठलो आणि निघालो. मागून त्यांचा आवाज आला, "चहासुद्धा नाही." (अर्धा कप राहिला होता, हे खरं आहे.) पुढे पूर्वीने आठ दिवस त्यांची समजूत काढली. शेवटी ते म्हणाले, साखरपुडा करू, तो दिवस हा मुलगा न भडकता, न पळता पार पाडतो का बघू, मग लग्नाची तारीख देईन. नाहीतर नाही. म्हणजे मामा, माझं सगळं आयुष्य एका रविवारावर येऊन थांबलं.

पूर्वीच्या आईला, इरावतीकाकूंना, सगळं नीट व्हावं म्हणून प्लॅनर लावायची होती. नम्रता नावाची एक मुलगी टॅब घेऊन आली. तिच्याकडे रंगीत चौकटी होत्या, पाहुणे कुठल्या दाराने येणार, पाणी कुठे पिणार, कुठे उभे राहून हसणार, सगळं. वाईट नव्हती बिचारी. पण तिने मला विचारलं, "अडीचशे लोक तुम्ही स्वतः सांभाळू शकाल का?" अडीचशे! मामा, आपल्या गणपती मंडळात दहा दिवस माणसांचा समुद्र असतो. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, आमच्याकडे मंडळ आहे, आम्हाला प्लॅनर लागत नाही. पूर्वीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, अभिमानाने.

मग मंडळाच्या ऑफिसात मिटिंग झाली. तुमचा फोटो मधोमध ठेवला होता. (हार आणला होता, तुम्ही हयात आहात ही आठवण मी करून दिली.) दहा मिनिटांत स्वागत समिती, पाणी समिती, चप्पल समिती, आणि रांगप्रमुख दगडूदादा. "साखरपुड्याला रांग कशाला?" असं विचारणारा मी एकटाच. दगडूदादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गणपती बसवायला मूर्ती कशाला असं विचारलंय. आमचा धम्मपाल, समोरच्या खोलीतला, आता बँकेत मोठ्या जागेवर आहे पण गणपतीत माइक अजून त्याचाच, तोही म्हणाला, "वैभ्या, तू फक्त नवरा हो. बाकी आमच्यावर सोड." सोडलं. नाक्यावर फ्लेक्स लागला, पूर्वीचा आठ फुटी फोटो, खाली "सर्वांनी अवश्य लाभ घ्यावा". मामा, ही ओळ वाचल्यावर मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी दहाला दादरच्या हॉलवर पोचलो. मरून शेरवानी, त्याला एकच खिसा, खिशात अंगठीची डबी, मोबाईल आईच्या पर्समध्ये. मी एकदम थंड होतो. शपथेवर. तेवढ्यात फुलवाल्याने हार पाठवले ते झेंडूचे. मी सांगितले होते निशिगंधाचे, कारण पूर्वीला झेंडूने शिंका येतात. म्हणजे पूर्वीने शिंकत साखरपुडा करायचा? मी खाली धावलो, रस्त्यावर टेंपोवाल्याशी जे काही बोलायचं ते बोललो (मामींसमोर वाचत असाल म्हणून लिहीत नाही), आणि परत वळलो तर जिन्याच्या तोंडाशी बांबू बांधून झाला होता. आपल्याच वखारीतला बांबू. त्यावर तुमची दर्शनाच्या रांगेतली पाटी, "रांगेत ओळख नाही. हुकूम, दौलतदादा." आणि बांबूमागे दगडूदादा, गळ्यात बिल्ला.

मी म्हटलं, दगडूदादा, मी. तो म्हणाला, मागे जा. मी म्हटलं, अरे मी नवरा आहे. तो म्हणाला, शेरवानीत आज चौघे आलेत. मी म्हटलं, मला ओळखत नाहीस? तर हा माणूस, ज्याने मला बारशाला मांडीवर घेतलं, तो काय म्हणतो, "ओळखतो म्हणूनच सांगतो. आमदाराचा मेव्हणा आला तेव्हा दौलतदादांनी त्याला पण मागेच पाठवला होता." आणि माझ्या हातात टोकन दिलं.

रांग जिन्यावरून उतरून, रस्त्याला लागून, कोपऱ्यावर वळून औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. निमंत्रितांपेक्षा बिननिमंत्रित जास्त. आपल्याकडे रांग दिसली की माणसं आधी उभी राहतात आणि मग विचारतात. माझ्या पुढे मालनआजी म्हणून एक म्हातारी होती. एका डोळ्यात मोतीबिंदू, हातात नारळ. देवी आहे असं समजून उभी होती. मी समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुका काय गावूचा हा?" म्हटलं, मुलगी. तिने पदरातून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला आणि म्हणाली, "गावतली. रांग फक्त सोडू नको."

तेवढ्यात वरच्या कर्ण्यावरून धम्मपालचा आवाज. आपल्या मंडळात हरवलेल्या मुलांची घोषणा करतो ना, अगदी तोच सूर. "एक सूचना. नवरदेव वैभव, वय चोवीस, रंग गव्हाळ, अंगात मरून शेरवानी, स्वभाव तापट, हे सापडत नाहीत. कुणास आढळल्यास स्टेजजवळ आणून सोडावे." मी दोन्ही हात वर केले. ओरडलो, मी इथे आहे! दगडूदादाने शांतपणे बघितलं. "ऐकलं. रांगेने ये." मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, "नवरा पळाला वाटतं. मुलगी तर चांगली दिसते फ्लेक्सवर." मामा, त्या क्षणी माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने बांबू उपटला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचा चेहरा आला. वर ते आत्ता नक्की म्हणत असतील, चहासुद्धा नाही.

मग धम्मपालने पुकारलं, नवरीमुलगी पाणी प्यायला उठली आहे, रांग दहा मिनिटं थांबेल. भर उन्हात दहा मिनिटं! तीही सहन केली. एक क्षणही रांग सोडली नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

शेवटी जिना, मग दार, मग स्टेज. दोन खुर्च्या. एकीवर पूर्वी, दुसरी रिकामी. लोक एकेक करून हात जोडून पुढे सरकत होते आणि बाहेरच्या दाराशी प्रत्येकाला पेढा मिळत होता. मालनआजीने नारळ पूर्वीच्या पायाशी ठेवला आणि माझ्याकडे बोट करून खणखणीत आवाजात मागणं घातलं, "ह्या झिलाक बरी बायल गावांदे गो आई." पूर्वीने खाली वाकून आधी आजींना नमस्कार केला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं (मला वाटतं शेरवानीवरचा लाडूचा चुरा तिला दिसला), आणि म्हणाली, "टोकन कितीचं?"

मी टोकन तिच्या हातात दिलं आणि डबी उघडली. अंगठी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत पोचते न पोचते तोच कुणीतरी माझ्या दंडाला धरून बाजूला सरकवलं. "चला, पुढे चला, मागे लोक खोळंबलेत." मी भडकून वळलो. मामा, माझे सासरे! गळ्यात मंडळाचा बिल्ला, तोंडात शिट्टी, चेहऱ्यावर असं समाधान की जणू शाळा पुन्हा भरली आहे. माझ्या तोंडात चार शब्द आले होते. चारही गिळले. अंगठी तशीच अर्धवट, मी एका पायावर उभा, मागे चारशे तेरा नंबर.

ते म्हणाले, "कुठे होतास?" मी म्हटलं, रांगेत. "पूर्ण वेळ?" मी म्हटलं, हो. त्यांनी पूर्वीच्या हातातलं टोकन घेतलं, चष्मा वर करून नीट वाचलं, आणि शिट्टी वाजवून रांग थांबवली. मग मला म्हणाले, "घाल पूर्ण." मी घातली. बोट पूर्वीनेच पुढे केलं. धम्मपालने पुकारलं, हरवलेले नवरदेव सापडले आहेत, सूचना संपली. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला वाढलं गेलं. नम्रतासुद्धा आली होती, पाहुणी म्हणून. तिने दगडूदादाचा नंबर घेतला, आता त्याला कुठल्यातरी मोठ्या लग्नाला घेऊन जाणार आहे. आणि मला कुणी विचारलंही नाही की बाबा रे, पाय दुखतात का.

तारीख मिळाली. तेवीस मे. सासऱ्यांनी स्वतः आईला फोन करून सांगितली. बाकी सगळे मजेत. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा, अजून न निवळलेला,
वैभव

ता. क. खरं काम राहिलंच. लग्नातही मंडळच आहे. सासऱ्यांचा हट्ट, ते आता रांग समितीत आहेत. दगडूदादा म्हणतो, नियम ज्याने केला त्यानेच बदलावा. तरी कृपा करून तुमच्या हस्ताक्षरात एक ओळ लिहून पाठवा, "नवरदेवाला रांग नाही." खाली सही. शिक्का असेल तर तोही.

ता. क. २. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. ती दहा मिनिटं रांग थांबली ना, तेव्हा माझी सटकली होती. टोकन चुरगाळून निघालोच होतो. मालनआजी ओरडली, "जातंस तर जा, पण एक चप्पल तरी ठेव, जागो ऱ्हवात!" रागात एक मोजडी तिथे भिरकावली आणि एका मोजडीवर लंगडत औषधांच्या दुकानापर्यंत गेलो. तिथून परत आलो. मोजडी भाड्याची होती म्हणून आलो असं समजा. हे ठाकूरद्वारला कळता कामा नये.

ता. क. ३. मामा, सा. न. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ती ओळ पाठवू नका. दुकानापर्यंत जाऊन आलेला एका मोजडीचा माणूस हॉलच्या खिडकीतून दिसला होता. मला आणि बाबांना. मी खाली धावत होते, बाबांनी हात धरला, म्हणाले, थांब, परत येतो का बघू. चुरगाळलेलं टोकन त्यांच्या पाकिटात आहे. लग्नाला या. तुम्हालाही रांगेतूनच यावं लागेल. — पूर्वी