होडीच्या फळीचे दुकान

आबा,

तुमची फळी मी काढली. त्याला आता बरीच वर्षे झाली. दुकान पुण्याला ने, हे तुम्हीच सांगून गेला होता. फळी काढ, असे मात्र तुम्ही कधी म्हणाला नसता. म्हणून लिहितो आहे. मुलगा दुकानात बसला आहे, समोर गिऱ्हाईक आहे, आणि मला भर दुपारी माजघरात बोरू घेऊन बसायला सवड आहे. अशी सवड तुम्हाला कधी मिळाल्याचे आठवत नाही.

आजोबा खाडीच्या तोंडाशी वाळूत बसून मीठ विकू लागले तेव्हा दुकान नव्हते, फळीच होती. खडकावर फुटलेल्या होडीची फळी लाटांनी किनाऱ्याला टाकली आणि मीठ ओले होऊ नये म्हणून आजोबांनी पाट्या तिच्यावर ठेवल्या. मग तिच्यावर माडाच्या झापांचे छप्पर आले, मग कुडाच्या भिंती, तुमच्या वेळी चिऱ्याच्या. मिठाच्या जोडीला सूत आले, गळ, राळ, काथ्याचे दोर, तांदूळ, तंबाखू आली. सगळे बदलले, फळी हलली नाही. तुम्ही तिच्यावर बसायचा आणि माल तिच्यावरच मांडायचा. मी लहानपणी एकदा उडी मारून तिच्यावर उभा राहिलो. तुम्ही मारले नाही. नुसते म्हणालात, "आपण बसायचं. उभं राहायचं ते गिऱ्हाइकानं, आणि तेही खाली. उतर."

नारळी पौर्णिमेचा दिवस मला अजून दिसतो. होड्या दर्यावर निघण्याआधी कोळी त्यांना माशाचे तेल चोपडताहेत, म्हणजे लाकडात पाणी मुरत नाही. म्हातारा तांडेल आपली होडी आटपून तेलाचे मडके घेऊन दुकानापुढे येतो. "शेट, उठा. तुमची होडी राहिली." तुम्ही उठून बाजूला उभे राहता. आपल्या घरात मासा कधी शिजला नाही, पण तुमचे हात जोडलेले असतात. तो फळी चोपडतो, तिच्यावर नारळ फोडतो आणि म्हणतो, "झालं. आता बुडत नाही." तुम्ही म्हणता, "वाळूत कशी बुडेल रे?" तो म्हणतो, "शेट, वाळूतच जास्त बुडतात." सगळे हसतात. तुम्हीही.

त्याचे म्हणणे पुढे खरे झाले. खाडी गाळाने भरत गेली, होड्या दुसऱ्या बंदराला लागल्या, आणि गळ घ्यायला कोणी उरले नाही. तुम्ही अंथरुणावरून सांगितलेत, "घाटावर जा. पुण्यात माणूस वाढतोय, आणि मीठ सगळ्यांना लागतं. फळी ने. फळी तिथं दुकान." मी बैलाच्या अंगाला बांधून ती घाट चढवली. नारायण पेठेत जागा मिळाली. दारात फळी टाकली, वर बसलो, आणि दुकान झाले.

पहिली पौर्णिमा आली तेव्हा मिठाच्या तांड्याबरोबर मी मुद्दाम तेल मागवले. तांडेल नव्हता, तेव्हा स्वतःच चोपडायला बसलो. त्याच दिवशी पेठेत श्रावणी असते. माणसे नदीवर आंघोळ करून, नवी जानवी घालून, सोवळ्याने परतत होती आणि मी दारात बसून फळीला माशाचे तेल जिरवत होतो. यात काही चुकते आहे, असे मनातही आले नाही. पेठेने सांगितले नाही असे नव्हे, मला ते कळले नाही. एक शास्त्रीबुवा थांबून म्हणाले, "वा शेटजी, समुद्राची हवा खेळती ठेवली आहेत दुकानात." मी सुखावलो. त्यांना सुपारी दिली. ती त्यांनी घेतली नाही.

मग गिऱ्हाईक तुटू लागले. मी तराजू तपासला. गूळ बदलला. बोलताना कोकणी हेल येऊ नये म्हणून कमी बोलू लागलो. दसऱ्यापर्यंत असेच चालले असते तर दुकान आवरून परत जावे लागले असते, आणि परत जायला गाव उरले नव्हते. रोज सकाळी मी फळी पुसायचो आणि तिच्यावर बसून रस्त्याकडे बघायचो.

शेजारच्या काकू तेवढ्या येत राहिल्या. एक दिवस त्या पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो शेटजी, गूळ चांगला आहे हो तुमचा. पण एका हातानं नाक धरायचं, दुसऱ्यानं माशा वारायच्या, मग खायचा कोणत्या हातानं?"

"नाक कशाला, काकू?"

त्यांनी पदर खाली घेतला. माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "यांना खरंच येत नाही." आणि गूळ न घेताच गेल्या.

मी आत जाऊन बायकोला विचारले, आपल्या दुकानात कसला वास येतो. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "कसला म्हणजे? आपल्या घराचा."

तेव्हा कळले. आम्ही दोघे त्या वासातच जन्मलो होतो.

दोन रात्री मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडलो. तिसऱ्या सकाळी नदीवरच्या एका भोयाला बोलावले. त्याची नाव जुनी झाली होती.

"काय घेणार हिचं?" त्याने विचारले.

"काही नको. ने."

"फुकट? मंग किडकी आसंल." त्याने फळी उलटी केली, ठोकली, नखाने खरवडली. "चांगली हाय की," तो संशयाने म्हणाला आणि डोक्यावर घेऊन चालू लागला. कोपऱ्यावर वळताना त्याने मागे पाहिले, मी हाक मारतो की काय म्हणून. मी मारली नाही.

जमीन शेणाने सारवून मी तरटावर बसलो. दुपारपर्यंत कोणी आले नाही. पाठीत कळ येत होती, फळीशिवाय बसायची सवय नव्हती. उन्हे कलली तेव्हा काकू आल्या, हळद मागितली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा श्वास घेतला. "हिंग जरा उघडा राहतोय," त्या म्हणाल्या. "झाकत जा." आबा, इतके चांगले बोलणे मी पुण्यात त्याआधी ऐकले नव्हते. दसऱ्याला दारात गर्दी होती. त्या रात्री मी पहाटेपर्यंत एकदाही जागा झालो नाही.

उद्या एक माणूस घाट उतरून आपल्या बाजूला जाणार आहे. त्याच्याबरोबर ताईला गूळ पाठवतो आहे आणि खुशाली. हे पत्र त्याच्याकडे द्यायचे नाही. देऊन ते जाणार कुठे. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. त्या वर्षी तुम्ही इथे असता तर फळीवरून उठला नसता. म्हणाला असता, "ज्याला वास येतो त्यानं येऊ नये." मला ते पटले असते, आणि आपण दोघे बसून दुकान बुडताना पाहिले असते. तुमची आठवण मला रोज येते. पण त्या वर्षी तुम्ही नव्हता, हे बरे झाले.