जेवणाऱ्याला विचारायचं नाही

आई, तुला हे सांगायचं कसं हाच पहिला प्रश्न आहे, कारण तू गेलीस तेव्हा आख्ख्या गावात एकच फोन होता, तोही डेअरीत. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे आणि फोनात मुळशीचा नकाशा. पुण्याहून, हिंजवडीहून माणसं निघतात, तंबूत राहायची सोय कुठं आहे ते फोनला विचारतात आणि फोन सांगेल तिकडं गाडी वळवतात. धरणाच्या पाण्याकडच्या आपल्या खालच्या शेतात, जिथं तू नाचणी लावायचीस, तिथं मी गेल्या वर्षापासून असे तंबू लावते. स्वयंपाक तुझ्याच शेतातल्या खोलीत, तुझ्याच चुलीवर. उरवड्याची मी कामाला होते ती कंपनी बंद पडली तेव्हा दादानं हे शेत मला करायला दिलं. दिलं म्हणजे तात्पुरतं. हक्कसोडपत्रावर मी लग्नानंतर लगेच सही करून दिली होती, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. प्लॉट पाडणाऱ्यांचा एजंट दादाच्या मागं हात धुऊन लागलाय. दादा म्हणाला, "दिवाळीपत्तुर बघू. चाललं तर चाललं, न्हाई तर देऊन टाकतो. मला बी पोरांची लग्नं करायची हायेत." त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण शेत गेलं तर तुझी खोलीही जाणार, आणि मी या वयात पुन्हा कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर अर्ज घेऊन उभी राहणार.

म्हणून मी त्या नकाशाच्या मागं लागले. आधी तर आपली जागा पाण्यातच होती. उन्हाळ्यात पाणी मागं हटलेलं असताना मी जागेची खूण केली, ती थोडी खाली सरकली असावी. पावसाळ्यात धरण भरलं आणि लोकांचे फोन सुरू झाले, "मॅडम, मॅप सरळ धरणात जायला सांगतोय, जायचं का?" जा म्हणावं, पोहता येत असेल तर. ती खूण बांधावर आणता आणता माझा जीव मेटाकुटीला आला. मग कळलं की आपली नोंदच 'शेत' म्हणून झालीय, त्यामुळे 'मुळशी कॅम्पिंग' असं शोधणाऱ्याला आपण दिसतच नाही. ते बदललं. सकाळचे, संध्याकाळचे फोटो टाकले, वेळा टाकल्या, कुणी काही विचारलं की लगेच उत्तर देऊ लागले. एवढं करून आपण कुठं, तर शोधणाऱ्यानं अंगठा दुखेपर्यंत पान वर सरकवलं तर सगळ्यांच्या तळाशी. आणि पलीकडच्या बांधावरचा शेजारी, ज्याच्याकडं न्हाणीघराला धड कडी नाही, तो सगळ्यात वर.

मी त्याला विचारलं, हे कसं काय? तो हसला. "ताई, लोकांनी चांगलं लिवलं की मॅप वर उचलतो. मी जाताना प्रत्येकाला भज्यांची प्लेट फुकट देतो आन् म्हणतो, पाच स्टार टाका मंगच गाडी हलवा. तोंड उघडल्याबिगर स्टार पडत न्हाईत."

आई, तेच तर माझ्याच्यानं होत नाही, आणि त्याला कारण तू आहेस. मुक्कामी एस.टी. यायची ते दिवस आठव. ड्रायव्हर आणि कंडक्टर रात्रीचे आपल्याकडं जेवायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. कंडक्टर पिठलं-भाकरी खातोय, तू चुलीपुढं बसलीयेस, आणि मी त्याच्या पुढ्यात उकिडवी बसून विचारतेय, "आवडली का भाकरी? आमची आई चांगली करती ना?" तो काही बोलायच्या आत तू उठलीस, दंडाला धरून मला आत नेलंस आणि दातओठ खाऊन म्हणालीस, "जेवणाऱ्याला इचारत्यात व्हय? घास त्याच्या तोंडात हाय, तो काय न्हाई म्हणंल? मागून घेतल्याली शाबासकी भीक असती, भीक." मारलं नाहीस, पण त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हापासून माझ्या तोंडून तो प्रश्न निघत नाही. सासरी कधी निघाला नाही आणि आता पाहुणे गाडीत बसताना मी हात जोडून उभी राहते, ओठांवर 'स्टार' येतो आणि मी म्हणते, सावकाश जा, पुढं वळणं आहेत.

तू मात्र काय करायचीस ते मी पाहिलंय. जेवणं झाली की ते दोघं अंगणात हात धुवायचे, तंबाखू मळत बोलत बसायचे आणि तू भांडी तशीच टाकून दाराआड उभी राहायचीस, श्वास धरून. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "या मुक्कामासाठी मी ड्यूटी मागून घेतो." त्या रात्री भांडी घासताना तू गुणगुणत होतीस. म्हणजे ऐकायचं तुलाही होतंच. तू निदान दाराआड उभी राहू शकत होतीस. माझे पाहुणे हात धुऊन निघून जातात आणि जे काही बोलायचं ते पुण्याला पोचल्यावर, न बोलता, बोटानं बोलतात. बहुतेक तेही विसरतात.

मग मला अक्कल सुचली. परक्यांना विचारता येत नाही ना, मग आपल्यांना विचारावं. भाद्रपदात तुझी तिथी होती. दरवर्षी दादाच्या बंगल्यावर होते, या वेळी मी म्हटलं, शेतावर करू, तुझ्या चुलीवर. सगळी भावकी आली. नांद्याची मावशी आली, कासारसाईची आत्या आली. खीर, वडे, आळूची भाजी, कढी, सगळं तुझ्या पद्धतीचं. कावळ्यानं घास लगेच उचलला, त्याला तरी विचारावं लागलं नाही. जेवणं झाल्यावर मी पदर खोचला आणि सगळ्यांना म्हटलं, आपल्या कॅम्पबद्दल फोनवर दोन शब्द लिहा. इथं मोबाईलचं नेट कुठलं चालायला? सगळ्यांना माझंच वायफाय जोडून दिलं. आणि आई, बसली ना सगळी माणसं झाडाखाली फोनात माना घालून! मावशीला लिहिता येत नाही, तिनं नातीला सांगितलं आणि नातीनं टाइप केलं. तंबूबद्दल एकानंही लिहिलं नाही. सगळ्यांनी लिहिलं ते तुझ्याबद्दल. 'वहिनीच्या हातच्या पिठल्याची चव आली.' 'मावशी असती तर आणखी एक वडा वाढला असता.' सगळे पाचच्या पाच स्टार. दादा लांब बांधावर उभा राहून काहीतरी टाइप करत होता. मला वाटलं, एजंटाशी बोलतोय. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वाचत बसले, तर त्यात दादाचंही होतं. 'आई गेल्यापासून इथं पोटभर जेवलो नव्हतो. आज जेवलो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर काही नाही. सगळं पुसलेलं. नुसतं पुसलेलं नाही, आपला कॅम्पच नकाशावरून काढून टाकलेला. एकाच ठिकाणाहून, एकाच वायफायवरून, एकाच दुपारी इतकं कौतुक आलं म्हणजे ते खोटं असणार, असा मॅपवाल्यांचा हिशोब. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पलीकडचा भजी देऊन कौतुक विकत घेतो ते खरं, आणि तुझ्या तिथीला तुझी सख्खी माणसं डोळे पुसत लिहितात ते खोटं! कुणाशी भांडू? फोन उचलायला तिथं माणूस नाही. फक्त चौकोन येतात, टिचक्या मारायला.

शेवटी एका चौकोनात लिहून आलं, जागा तुमचीच आहे हे व्हिडिओ काढून दाखवा. रस्ता दाखवा, बोर्ड दाखवा, आणि तुम्ही स्वतः किल्लीनं कुलूप उघडताना दाखवा. आता उघड्या शेताला कुलूप कुठून आणू? तुझ्या खोलीला कडी आहे, पण कुलूप कधीच नव्हतं. रात्री-अपरात्री कुणी आलं तर हातानं भाकरी घ्यावी, म्हणून तू ते कधी लावलंच नाहीस. मी पिरंगुटला जाऊन कुलूप आणलं, तुझ्या दाराला लावलं, एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं ते उघडलं. चार-आठ दिवसांनी कॅम्प नकाशावर परत आला. कोरा. तळाशी. तुझ्याबद्दलचं एक अक्षरही परत आलं नाही.

काल दादा आला. म्हणाला, एजंट रविवारी पार्टी घेऊन येतो म्हणतोय. मी म्हटलं, आधी जेव. त्यानं दाराकडं पाहिलं.

"आईच्या दाराला कुलूप कुणी लावलं?"

"मॅपनं," मी म्हटलं.

"काढ ते."

मी काढलं. तो तुझ्या चुलीपुढं जेवायला बसला. मी त्याला वाढलं आणि भाकऱ्या आणायच्या निमित्तानं बाहेर येऊन दाराआड उभी राहिले, अगदी तुझ्यासारखी. मध्येच त्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि पालथा घातला. पण बोलेना. नुसता जेवतोय. तुझ्याइतका दम मला नाही, आई. मी आत गेले, भाकरी वाढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंच, "दादा, बरं झालंय का?"

तो चमकून वर बघायला लागला. "लिवलं व्हतं की मी त्या दिशी. वाचलं न्हाईस व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्याआधीच पुसलं त्यांनी."

मग त्यानं ताटाकडं बघत ते तोंडानं सांगितलं. लिहिलं होतं त्याहून जास्तच सांगितलं, अडखळत, आणि हात धुताना म्हणाला, "एजंटाला म्हणतो, उन्हाळ्यापत्तुर येऊ नगंस."

उन्हाळ्यानंतर काय, ते मला माहीत नाही. नकाशावर पलीकडचा अजूनही वरच आहे. हे पत्र कुठं जायचं नाही, चुलीवरच्या फळीवर राहील. तू दंडाला धरणार नाहीस आता, म्हणून सांगते. दादानं लिहिलेलं मी वाचलं होतं, आई. मला ते पाठ होतं.