राजाच्या शयनगृहाचा कारभारी

मुलुंड (पूर्व)
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात तुला आणि सुगंधावहिनीला सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचं बीपी? मी बरा आहे. (तुझं भांडुप इथून दोन स्टेशनं, आणि मी आठ वर्षांनी तब्येत विचारतोय. हसू नकोस.)

पाळकसाहेबांनी बायबल अभ्यासासाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय आला. हेरोद राजा सोर आणि सीदोनच्या लोकांवर चिडलेला होता. त्यांचं अन्न त्याच्याच मुलखातून यायचं, म्हणून त्यांनी आधी राजाच्या शयनगृहाचा कारभारी ब्लस्त याला आपलंसं केलं आणि त्याच्यामार्फत समेट मागितला. ग्रीकमध्ये या शयनगृहाला कोइतोन म्हणतात. कोइते म्हणजे अंथरूण, त्यावरून. नव्या करारात हा शब्द एकदाच येतो. मी मात्र दहा मिनिटांत नऊ वेळा उच्चारला. तरुण मंडळी खाली बघून हसत होती.

शेवटी मागच्या बाकावरून रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "रतनभाऊ, हा ब्लस्त काय नुसत्या चादरी घडी करायचा?"

मी म्हटलं, "नाही. राजा जिथे मुकुट काढून ठेवतो, तिथे हा असायचा. ज्याला राजाशी बोलायची सोय नाही, तो याच्याशी बोलायचा."

"म्हणजे तुमची अनुपमाच की!"

सगळे हसले. मीही हसलो. मग बराच वेळ पाणी पीत राहिलो.

खरंच आहे ते. दर शनिवारी बेडरूमचं दार लोटून ती वहिनीला फोन करायची. (बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच कोइतोन शब्द आहे: शयनगृहातही श्रीमंताला शिव्याशाप देऊ नकोस, पाखरू बातमी बाहेर नेईल. मी त्या खोलीत तुला पुष्कळ बोललो आहे. आमचं पाखरू त्यात साखर घालून नेत असणार.) जूनपासून त्या खोलीतून फोन गेलेला नाही. मी बाहेर सोफ्यावर झोपतो. पाठ धरते, पण सोफ्याला दुसरी बाजू नसते, एवढं बरं.

दफनाच्या दिवशी तू फाटकापाशी उभा होतास. मी पाहिलं. तूही पाहिलंस. आपल्या दोघांमध्ये बोलणारी तेवढी पेटीत होती.

आठ वर्षं मी स्वतःला हेरोद समजत होतो. वचन नीट वाचल्यावर कळलं, मी सीदोनवाला आहे.

काळजी नसावी. कुणी मुद्दाम येण्याची गरज नाही.

तुझा,
रतन

ता. क. आठ वर्षांपूर्वी आमच्या सौरभच्या लग्नात प्रार्थना करायला तुलाच सांगायला हवं होतं. तू मोठा आहेस. (पण तू लांबवतोस, हेही खरं.)

ता. क. दुसरा. अनुपमा सांगायची, कैरीचं लोणचं महिला मंडळातून येतं. मला पहिल्या फोडीलाच वहिनीचा हात कळला होता. आठ वर्षं गुपचूप खाल्लं. परवा बरणी संपली. धुऊन ठेवली आहे. कुरिअरने पाठवली तर फुटेल. तू घ्यायला ये.