बैठकीतला फोन

वरणगाव, ८ जानेवारी १९९५

चि. सौ. तानूस, प्रमिलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या सागपाड्याला फोन आला, आणि तोही तुझ्या चुलतसासऱ्यांच्या, सरपंच नानांच्या बैठकीत! आता आठ-आठ दिवस पत्राची वाट कोण बघणार? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी कॉलनीच्या बूथवरून फोन करीन. मोठ्याने बोल मात्र. लहानपणी भांडताना आवाज होता, तो कुठे गेला?

बहिणीला विसरू नये.
प्रमिलाअक्का

सागपाडा, ता. साक्री, १० एप्रिल १९९५

ती. अक्कास, शि. सा. न.

तुझे तीन फोन झाले. बैठकीत नाना आणि चार वडीलधारे बसलेले असतात. त्यांच्यापुढे सुनेने आवाज चढवायचा नाही, आणि ओरडल्याशिवाय तुला ऐकू जात नाही. मग पदर ओढून, बरं आहे या अर्थी इथल्या बोलीत बरं शे, बरं शे एवढंच म्हणते. शेजारची भिकुबाई चिडवते, की तू फोनलाही लाजस.

म्हणून लिहिते. उजव्या छातीत गाठ लागते, सुपारीएवढी. दुखत नाही. यांना सांगितलं, तर दुखत नाही ना, मग राहू दे म्हणाले. तू येऊन मला जळगावला दाखव. तुला इथे कोणी नाही म्हणणार नाही. फोनवर यातलं काही विचारू नकोस.

माया असू दे.
तानू

वरणगाव, १२ मे १९९५

चि. सौ. तानूस, अनेक आशीर्वाद.

पत्राने घाबरले होते. रविवारी राहवलं नाही, नाव न घेता, ते आता कसं आहे, एवढंच विचारलं. तू बरं शे म्हणालीस आणि जीव भांड्यात पडला. आता पोरींच्या शाळा सुरू झाल्या की सवडीने येते.

काळजी घे.
प्रमिलाअक्का

वरणगाव, ११ डिसेंबर १९९५

चि. सौ. तानूस,

तू बरं शे म्हणत गेलीस आणि मी सवड शोधत राहिले. आले ती दिवाळीनंतर. गाठ लागली तेव्हाच आणायला हवं होतं, असं जळगावचे डॉक्टर म्हणाले. निदान तुझं पत्र आलं तेव्हा तरी. डॉक्टरांचं ते ऐकताना तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

परवाच्या रविवारी फोन केला, तो नानांनी उचलला. सूनबाईला मोकळं बोलता यावं म्हणून त्यांनी सगळ्यांना उठवून बैठक रिकामी केली होती. ते स्वतःही बाहेर जाऊन उभे राहणार होते. पण तुला अंथरुणातून उठून तिथवर चालत येता आलं नाही, म्हणाले.

मी उद्याच्या गाडीने निघते. पत्राआधीच पोचेन बहुतेक, तरी लिहिलं. काय बोलायचं ते बोल मला. उशाशी बसून ऐकेन.

तुझी अक्का