ह्यांचा आवाज गेला तेव्हा

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली — साधी! डॉक्टरबाईंनी तो शब्द उच्चारला आणि मी दवाखान्याच्या बाकावर मटकन बसले. गळ्यात, अगदी आवाजाच्या पडद्यावरच होती. मुळासकट काढली. आता ह्यांनी बोलायचं नाही. एक शब्दही नाही.

मी विचारलं, "अगदी हळू? कानात?"

"कुजबुज तर मुळीच नको. त्यानं उलट जास्त ताण पडतो."

"किती दिवस?"

"बघू."

बघू म्हणे! आमचे हे मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पाळक. ह्यांचं प्रवचन ऐकायला लोक दोन बस बदलून येतात. माइक बंद पडला की बाकी पाळकांची भंबेरी उडते, ह्यांना पत्ताही लागत नाही. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिते — मी त्या आवाजावरच भाळले होते. तोंड नंतर पाहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरी आणलं. ह्यांना एक पांढरी पाटी आणि पेन दिलंय. मी सकाळपासून ह्यांच्याशी ओरडून बोलतेय, असं माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटी ह्यांनी लिहिलं, "कान शाबूत आहेत."

भांडायचीही सोय उरली नाही. मी चार वाक्यं बोलते, हे पेनाचं टोपण शोधत बसतात. तोवर माझा राग थंड.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पाहुणे पाळक आले होते. बरे होते बिचारे. पण लोक घड्याळं बघत होते, आणि — देवा, क्षमा कर — मला गुदगुल्या झाल्या. कळू दे सगळ्यांना, आपल्याकडे काय होतं ते!

उपासनेनंतर मंडळीचे अध्यक्ष घरी आले. ते इमारती बांधणारे कंत्राटदार. माणसांनाही त्याच मापानं मोजतात. खुर्चीत बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. "वहिनी, राग मानू नका. गवंडी आजारी पडला म्हणून स्लॅब थांबत नाही. मार्चअखेर बघू. नाहीतर दुसरा पाळक शोधावा लागेल." आमचं राहतं घरही मंडळीचंच, असं ते बोलले नाहीत. पण भिंतीकडे, छताकडे असं काही बघत होते की मला कळलं.

चहा दिला. बिस्किटं मुद्दाम काढली नाहीत. तर हे उठले, आतून डबा आणला, झाकण उघडून अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला! वर हसले. अध्यक्षांनी तीन खाल्ली.

मी ह्यांना नंतर म्हटलं, "तुम्ही ना, धन्य आहात." पाटीवर उत्तर — "त्यांना ती आवडतात."

१२ फेब्रुवारी, बुधवार

रविवारचं प्रवचन ह्यांनी लिहून काढलंय. आणि ते वाचायचं कोणी? मी! मी, जिचं अल्टरेशनचं दुकान आहे! पँट आखूड करून हवी असेल तर मला सांगा, चेन बदलायची असेल तर सांगा. नाही म्हणजे नाही म्हटलं.

ह्यांनी पाटीवर लिहिलं, "तूच." खाली दोन रेघा मारल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे आजच लिहिलं पाहिजे.

विषय होता कृपा. ह्यांची वाक्यं म्हणजे लांबलचक, नटलेली — ह्यांच्या तोंडी शोभतात. माझ्या तोंडी ती दुसऱ्याच्या मापाचा कोट घातल्यासारखी वाटायला लागली. एका वाक्यात तर क्रियापद येईपर्यंत माझा श्वासच संपला. लोक खाली बघायला लागले. ह्यांनी पहिल्या बाकावरून हातानं खूण केली — सावकाश. मी कागद घडी करून खाली ठेवला. का ठेवला, देव जाणे! आणि म्हटलं,

"मला बाई एवढंच माहीत आहे. मी माप घ्यायला टेप काढली की प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत घेतं. मी त्या मापानं कपडा शिवते. मग तो आवळतो, आणि भांडण माझ्याशी! आपण देवापुढेही तसेच उभे राहतो, पोट आत घेऊन. तो म्हणतो, अरे, श्वास सोड. मला तुझं खरं माप पाहिजे. मी तुझ्या अंगाला बसेल असंच शिवणार आहे, आणि ते तुला कमवायचंही नाहीये. मला तरी कृपा म्हणजे एवढंच कळलंय."

आधी हसले सगळे. मग मागे कोणीतरी खरंच श्वास सोडला, मला ऐकू आला. अध्यक्षांनी कोटाचं बटण सोडलं!

घरी आल्यावर हे पाटी घेऊन बसले, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. "मला हे कधीच सुचलं नसतं."

मी चहा टाकायला आत पळाले. म्हटलं, रडताना कशाला दिसायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मोरीचा नळ गळत होता म्हणून मंडळीतलाच प्लंबर आला. काम झालं तरी हा गेला नाही. ह्यांच्या समोर बसला आणि बोलत राहिला. मी पलीकडच्या खोलीत मशीनवर. मधूनच त्याचा आवाज चिरकायचा. हे अर्थातच गप्प. तो गेला तेव्हा तोंड धुतल्यासारखं दिसत होतं.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, तुम्हाला तसंही बोलता येत नाहीये!"

पाटी — "आलं असतं तरी नसतं सांगितलं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी दारात इतक्या चपला होत्या की मला माझ्याच घरात शिरायला वाट नव्हती!

२ मार्च, रविवार

बस ड्रायव्हरची बायको आली होती. दर आठवड्याला येते आता. जाताना दाराशी मला म्हणाली, "पाळकीणबाई, एक सांगू? वाईट नका वाटून घेऊ. आधी मी अर्धं सांगितलं की साहेब उत्तर द्यायचे. उत्तर बरोबरच असायचं. पण माझं उरलेलं अर्धं पोटात तसंच राहायचं. ते आता बाहेर पडतंय."

मला राग आला. ह्यांच्या उत्तरांवर माणसं जगली आहेत! काहीतरी टोचून बोलणार होते, तेवढ्यात मागे बघितलं तर हे उभे. सगळं ऐकलं होतं. मान खाली घालून त्यांनी तिला हात जोडले. नाटकी नव्हे. खरोखरचे.

मी काहीच बोलले नाही. आमच्या घरात हे हल्ली वाढत चाललंय.

७ मार्च, शुक्रवार

तपासणी. एका बाजूचा पडदा नीट हलत नाहीये. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आवाज येईलच असं सांगू शकत नाही. आला तरी पहिल्यासारखा नसेल." अजून महिनाभर तरी बोलणं बंद.

बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत होते. मी ह्यांचा हात धरला. भर बसमध्ये, या वयात!

लेकीचा फोन. "आई, तुम्ही दोघं माझ्याकडे या. कशाला त्या लोकांच्या हातापाया पडता?" म्हटलं, "आम्ही कोणाच्या पाया पडत नाही. तुझे बाबा इथे कामावर आहेत." ठसक्यात बोलले. मग दुकानात गेले आणि कपडे बदलायच्या पडद्यामागे उभी राहून पोटभर रडले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट घालून बघायला आलं. "थांबा, आत कोणीतरी आहे," मीच आतून ओरडले!

२३ मार्च, रविवार

उपासनेनंतर मंडळीची बैठक. विषय एकच. हे पहिल्या बाकावर, पाटी मांडीवर पालथी. मी शेजारी.

अध्यक्ष उभे राहिले. "साहेबांबद्दल आदर आहेच. पण स्पष्ट विचारतो, आणि त्यांच्यासमोर विचारतो. ज्या पाळकाला बोलता येत नाही, तो मंडळीच्या काय कामाचा?"

मग ड्रायव्हरची बायको उठली. "माझ्या कामाचा आहे." बसली. एवढंच.

प्लंबर उठला. "माझ्यापण."

मग मागच्या बाकावरचे आजोबा काठी टेकत उभे राहिले. सगळ्यांत जुने सभासद. म्हणाले, "कशावर चर्चा चाललीय मला कळलं नाही. पण साहेबांचं प्रवचन मला कधीच ऐकू आलेलं नाही. मी येतो ते हे दाराशी माझे दोन्ही हात धरतात म्हणून. ते बंद होणार आहे का?"

सगळी मंडळी हसली. मीही हसले, आणि मनात चर्रही झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, आजोबा तो आवाज ऐकूनच मान डोलावतात!

साहेब राहावेत असं वाटणाऱ्यांनी हात वर करा, अध्यक्ष म्हणाले. मी मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. हात वर नव्हता तो एका अध्यक्षांचाच. त्यांनी वहीत निर्णय लिहून घेतला, "ठीक आहे" म्हणाले आणि गेले.

देवा, काय सांगू! ह्यांचं प्रवचन गाजलं की माझी मान वर व्हायची. आज हे नुसते बसले होते, तरी मान एवढी वर झाली की दुखायला लागली.

२७ मार्च, गुरुवार

अध्यक्ष आले. एकटेच. गाडी कोपऱ्यावर लावून चालत आले, म्हणजे कोणी बघू नये. मला म्हणाले, "साहेब आहेत का?" त्यांचा तो कंत्राटी आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

त्यांनी ह्यांच्या खोलीचं दार आतून लावलं. मी मशीनवर बसले आणि ऐकू येऊ नये म्हणून मशीन जोरात चालवलं. कापड नव्हतंच खाली! रिकामंच चालवत होते. एकदा तरी थांबवून बघावं असं फार वाटलं. नाही थांबवलं. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड शिवणकाम.

अध्यक्ष बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. "वहिनी, येतो." पायरीवर थांबले. "त्या दिवशी बैठकीत मी..." पुढे बोलणं झालं नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही."

आणि मनापासून म्हटलं! ह्यांनी दारातून बघितलं. असं बघितलं की पाटीची गरज नव्हती.

६ एप्रिल, रविवार

आजही मीच बोलले. विषय, रोजच्या कामातला विश्वास. उसवलेलं शिवण्याबद्दल सांगितलं. हल्ली हे कागद देत नाहीत, फक्त विषय देतात. बाहेर पडताना एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "पाळकीणबाई बोलल्या की सरळ कळतं."

अभिमान वाईट, असं मीच मागे सांगितलं होतं. आज एक दिवस सूट मिळावी.

११ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली. घरी आलो. हे खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मी समोर उभी. माझं नाव घेतील, असं मला वाटलं होतं.

आवाज आला. बारीक, फाटका, कोणा परक्याचा.

"पाच-सहा वर्षं मी प्रार्थना केली नव्हती. लोकांपुढे बोलायचो. एकटा असलो की आत काहीच नसायचं. गप्प बसलो आणि परत सुरू झाली."

मी खाली बसले. तो आवाज, ती गर्दी, ती माझी वर झालेली मान! सगळी वर्षं डोळ्यांसमोरून गेली. राग येईल म्हणून वाट बघितली. आला नाही.

"आत्ता करता?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे मिटले. दोनच वाक्यं बोलले. अडखळत. त्यात एकही शब्द सुंदर नव्हता.